अनुदानाची फाइल आणि खाट नंबर नऊ

ऑगस्ट २०१८ मध्ये मी व्यसनमुक्ती केंद्रात हिशेबाच्या कामाला लागले, तेव्हा टेबलाच्या खणात तीन वस्तू सापडल्या. अर्धवट भरलेली कॅशबुक, टाचण्यांची डबी आणि चुन्याची डबी. तिन्ही माझ्या आधीच्या हिशेबनिसांच्या. त्यांना सगळे दादा म्हणतात. दादा या केंद्राचेच जुने पेशंट. बरे झाले, इथेच राहिले, बी.कॉम. झालेले म्हणून वह्या त्यांच्याकडे आल्या आणि पाच वर्षं एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. मग एका मार्चअखेरीला स्लिप झाले, म्हणजे परत प्यायले. कॅशबुकातली शेवटची नोंद २३ मार्चची होती : 'तूरडाळ, गोडेतेल, मीठ'. पुढे रकमेचा रकाना कोरा.

मुलाखतीत केंद्र चालवणाऱ्या सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "मार्च सोसेल का?" मला वाटलं, उन्हाचं म्हणतायत.

गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. एसटी स्टँडपासून केंद्र चालत दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत एक देशीचं दुकान, दोन परमिट रूम आणि एक बिअर शॉपी लागते. आमच्या पंधरा खाटा. ऊसतोडीच्या टोळ्या मे-जूनमध्ये परत आल्या की पंधराच्या पंधरा भरतात आणि बाहेर यादी लागते. दिवाळीनंतर टोळ्या गेल्या की चार-पाच रिकाम्या पडतात. हे इथे सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्याआधी मी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये टॅली बघायचे. तिथला व्यवहार सोपा. गिऱ्हाईक पैसे देतं, आपण पावती फाडतो. इथे ज्याच्यावर खर्च होतो तो पैसे देत नाही, आणि जो देतो तो दिल्लीत बसतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय आणि अधिकारिता मंत्रालयाची ही अनुदान योजना १९८५-८६ पासूनची. स्वयंसेवी संस्थेने केंद्र चालवायचं, सरकारने मान्य खर्च द्यायचा. मी आले तेव्हा २०१५ चे नियम लागू होते. मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान, उरलेलं संस्थेने उभं करायचं. आरोग्य खात्याचा कार्यक्रम वेगळा, तो सरकारी दवाखान्यांमधून चालतो. आमच्यासारख्या संस्थांचा रस्ता सामाजिक न्यायकडून जातो.

त्या वाक्यातला 'मान्य' हा शब्द कळायला मला दीड वर्ष लागलं. पंधरा खाटांच्या केंद्रात माणसं किती, कोणत्या पदाची, कोणाला मानधन किती, जेवणाला किती, औषधाला किती, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. त्या प्रत्येक कप्प्याला हेड म्हणायचं. जेवणाच्या हेडमध्ये उरले म्हणून औषधाला वापरता येत नाहीत. आणि ज्याला हेडच नाही, तो खर्च झालाच नाही असं समजायचं. रात्री दोन वाजता एक पेशंट विड्रॉलमध्ये, म्हणजे दारू तुटल्यावरच्या त्रासात, भिंतीवरून नसलेल्या मुंग्या काढत होता. वॉर्ड बॉयने त्याला धरून ठेवताना चष्मा फुटला. नवा चष्मा आणला, सातशे रुपये. हा कुठल्या हेडला टाकू? सीए म्हणाले, "देणगीतून टाका."

देणगी म्हणजे तो संस्थेचा वाटा. एक निवृत्त गुरुजी दरमहा पाचशे देतात. जुने पेशंट आपल्या सोबर वाढदिवसाला, म्हणजे दारू सोडल्याच्या तारखेला, एक वेळचं जेवण घालतात. शेतकरी ज्वारी आणून टाकतात. एकाने पोतं टाकलं, वर म्हणाला, "पावती नको ताई, बायकोला कळेल." बायको त्याच्याआधी आठवडाभर एक पोतं टाकून गेली होती. तिलाही पावती नको होती. अशी ज्वारी हिशेबात कशी घ्यायची? शेवटी साठा नोंदवहीत किलोने लिहायची, कॅशबुकात नाही, असं ठरलं.

पुण्याचं मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. त्यालाही पहिला आधार पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीचा होता. प्रशिक्षणात ही गोष्ट ऐकली तेव्हा बाकीचे भारावून गेले होते. माझ्या डोक्यात आलं, म्हणजे पहिला पैसा खाजगीच लागतो तर. आमच्याकडे पु. ल. नव्हते, किराणावाले काका होते.

काकांचं दुकान केंद्रासमोर. अनुदान हप्त्याहप्त्याने येतं. आधी गेल्या पैशाचा हिशेब, मग तपासणी, मग शिफारस, मग मंजुरी. पण पोळ्या रोज लागतात. मधल्या काळात काकांची लाल वही चालते. मी आले तेव्हा त्या वहीत आमच्या नावावर एक लाखाच्या वर आकडा होता. काका कधी दारात उभे राहिले नाहीत. फक्त वही लिहिताना जरा मोठ्याने बोलायचे, "डाळ आठ किलो... लिहिली बरं का." स्वयंपाकाच्या मावशी त्यावर न चुकता म्हणायच्या, "लिहा की. पुसायला थोडीच सांगतोय."

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली. बाहेरच्यांना वाटलं, व्यसनमुक्ती केंद्राला आता काम काय उरलं! आमचा फोन थांबेना. रोज दोन क्वार्टर घेणारा माणूस अचानक कोरडा पडला की एक-दोन दिवसांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, काही भ्रमात जातात, त्यात माणूस दगावूही शकतो. दारू सोडतानाही डॉक्टर लागतो, हे घरच्यांना पटत नाही. एका मोटरसायकलवर मधे नवरा, पुढे भाऊ, मागे बायको अशी माणसं यायची. पोलिसांनी अडवलं की बायको नवऱ्याचे हात पुढे करून दाखवायची. पास नको नि चिठ्ठी नको, ते हात बघून सोडायचे.

खाटा पंधराच. सोळावा आला तर सरांनी त्याला समुपदेशनाच्या खोलीत सतरंजीवर घेतलं. सिस्टरनी त्याला थायामिनचं इंजेक्शन दिलं, डॉक्टरांनी फोनवर गोळ्यांचा डोस सांगितला. मी मुकाट्याने जेवणाच्या पटावर सोळा आणि खाटांच्या पटावर पंधरा लिहिलं. चार दिवसांनी सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "दोन्हीकडे सोळा लिही. खोटं लिहायचं तर त्याला इथे आणला कशाला?" सोळाव्याच्या जेवणाचे पैसे अर्थातच देणगीतून.

४ मेपासून राज्यात दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली. आमच्या गावात वाईन शॉपसमोर चुन्याची वर्तुळं आखली होती, तशी किराणा दुकानासमोरही नव्हती. आमचे तीन पेशंट त्याच आठवड्यात डिस्चार्ज मागून गेले. मी वर्तमानपत्रात वाचलं की सरकारला महसुलाची गरज आहे. ते खरंच होतं. २०१९-२० मध्ये महाराष्ट्राला उत्पादन शुल्कातून पंधरा हजार कोटींच्या वर मिळाले होते. पिण्याची दारू जीएसटीत नाही, तो कर राज्याचा. म्हणजे कर जातो मुंबईला आणि आमच्या पंधरा खाटांचे पैसे यायचे दिल्लीहून. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नशामुक्तीच्या राष्ट्रीय कृती आराखड्याला अख्ख्या देशासाठी मूळ तरतूद होती २६० कोटी. घरातल्या एकाने कमवायचं आणि दवाखान्याचं बिल चुलत्याने भरायचं, असा हा प्रकार. चुलता भरतो, पण कमावणाऱ्याला बिलाचा आकडा कधी दिसत नाही.

निदान अंमली पदार्थांचं तरी तसं नाही. एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्यात १९८९ च्या दुरुस्तीने एक स्वतंत्र निधी आला. तस्करांच्या जप्त मालमत्तेच्या विक्रीचा पैसा त्यात जमा करून तो अंमली पदार्थांच्या विरोधातल्या कामाला वापरायचा. दारू कायदेशीर, त्यामुळे तिच्या बाबतीत तशी जप्ती नाही आणि असा निधीही नाही. आमच्या पंधरापैकी तेरा-चौदा दारूचे असतात. दिल्लीच्या एम्समधल्या व्यसनोपचार केंद्राने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतो, असं त्यात आहे. मी ते सरांना वाचून दाखवलं. सर म्हणाले, "आणि त्या एकाला आपण वेटिंगला ठेवतो."

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी दादा आले. नोकरीला नव्हे, ॲडमिट व्हायला. सोबत मुलगी होती, बारावीची. दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवून, कोविडची टेस्ट करून त्यांना खाट नंबर नऊ दिली. मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं, फक्त अक्षर ओळखत होते. बारीक, डावीकडे कललेलं, सातला मधोमध आडवी रेघ. प्रवेशाच्या फॉर्मवर त्यांनी सही केली तेव्हा हात इतका हलत होता की सातची रेघ दोनदा ओढली गेली.

त्याच महिन्यात मी २०१९-२० चा हिशेब बंद करून पुढच्या वर्षाच्या अर्जाला बसले होते. योजना आता राष्ट्रीय कृती आराखड्यात विलीन झाली होती, पण कागद कमी झाले नव्हते. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर भरायचा. त्याला नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलचा क्रमांक लागतो, पैसे यायला पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैशांच्या ऑनलाइन यंत्रणेवर, संस्थेची नोंद लागते. शिवाय नोंदणी प्रमाणपत्र, घटना, कार्यकारिणीचा ठराव, बॉण्ड, तीन वर्षांचे ऑडिट, लाभार्थ्यांची यादी, कर्मचाऱ्यांची यादी, जागेचा भाडेकरार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाधीनतेचे आजारही येतात, त्यामुळे त्याखालची नोंदणीही हवी. हे सगळं स्कॅन करून, आकार बारीक करून चढवायचं. आमच्याकडे लाइट जाते दुपारी दोनला. पाच फायली चढल्या की स्क्रीन काळी.

खरी अडचण यूसीची होती. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, जीएफआर १२-अ चा नमुना. एवढे मिळाले, एवढे खर्च केले, एवढे उरले, ज्यासाठी दिले त्यासाठीच वापरले, अशी सही. जुनी यूसी साफ झाल्याशिवाय नवा पैसा सुटत नाही. माझ्या यूसीत ३,१६४ रुपये जुळत नव्हते. बँकेत जास्त दिसत होते, वहीत कमी. मी दोन रविवार त्यावर घालवले. व्हाउचर परत जुळवले. एका एसटीच्या तिकिटामागे मला वॉर्ड बॉयने लिहिलेला पाळण्याच्या नावांचा कागद सापडला, पण ३,१६४ सापडले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात दादांना जरा हुशारी आली होती. दुपारी सगळे झोपले की ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. एकदा म्हणाले, "ताई, टाचण्या संपल्या का?" मी म्हटलं, अजून आहेत. मग म्हणाले, "बॅलन्स लागत नाही ना? तुम्ही पेन्सिल चावताय दोन दिवस."

पेशंटला हिशेब दाखवावा की नाही, याचा नियम मला माहीत नव्हता. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी हात मागे बांधूनच वाचलं. थरथर दिसू नये म्हणून असावं. मग विचारलं, "व्याज कुठे टाकलंय?"

अनुदानाच्या बचत खात्यावर बँकेने व्याज दिलं होतं, दर तिमाहीला थोडं थोडं, वर्षाचं मिळून ३,१६४ रुपये. मी ते देणगीत जमा धरलं होतं. बँकेने दिलेलं व्याज म्हणजे आपलंच, असं कोणालाही वाटेल. दादा म्हणाले, "अनुदानावरचं व्याज आपलं नसतं. सरकारला परत पाठवावं लागतं. २०१७ च्या वित्तीय नियमांत आहे. मी त्या वर्षी पहिल्यांदा भरलं होतं." मग थोडं थांबून, "त्याच मार्चला."

भारत सरकारच्या एकत्रित निधीत हे व्याज जमा करायचं असतं, भारतकोष नावाच्या पोर्टलवरून. मी त्या दिवशी ३,१६४ रुपये भारत सरकारला भरले. चलनाची प्रिंट काढली. समोर काकांच्या वहीत तेव्हा आमच्या नावावर २ लाख ३६ हजार होते. मला हसू आवरेना. मावशी आतून म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, सरकारला उसने दिले. त्या म्हणाल्या, "पावती घेतलीस ना?"

डिसेंबरात जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. नेमके डिसेंबरात. टोळ्या कारखान्यांवर गेलेल्या, खाटा भरलेल्या अकरा. आदल्या रात्री वॉर्ड बॉय माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, मी आणि शेजारचा दिनकरकाकांचा पोरगा झोपतो की खाटेवर, तासाभराचं तर काम." आमच्यात असं कोणी करत नाही असं मी म्हणणार नाही. मोह मलाही झाला होता, कारण फाइल वर्षभर पंधरा धरून चालते आणि आमचं गाव ऊस धरून चालतं. सरांनी ऐकलं आणि चार रिकाम्या खाटांवरच्या चादरी काढून घड्या करून ठेवायला सांगितल्या. रिकामी खाट लांबूनच रिकामी दिसली पाहिजे, म्हणाले.

साहेब स्वभावाने कोरडे, पण तयारीचे होते. दाराबाहेरचा योजनेचा फलक पाहिला, कॅमेरे चालू आहेत का पाहिलं, स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं उघडली. औषधसाठ्याच्या नोंदवहीतल्या गोळ्या मोजून घेतल्या. खाटा मोजल्या, 'अकरा' लिहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या तीन वर्षांचा महिनेवार तक्ता पुढे केला : मे-जूनमध्ये किती, डिसेंबरात किती. तो तक्ता कोणी मागितला नव्हता. त्यांनी तो वाचला आणि घडी करून फाइलीत ठेवला. शेऱ्यात 'हंगामी स्थलांतरामुळे' असे दोन शब्द आले. त्या पाच महिन्यांत माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम असेल.

मग त्यांनी पडताळणीसाठी जुनी व्हाउचर मागितली आणि पेशंटच्या केस फायली. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून चाळताना त्यांचं बोट एका जागी थांबलं. व्हाउचरखाली 'तयार करणार' समोर दादांची सही. केस फाइलमध्ये संमतीपत्रावर तीच सही, जरा वाकडी.

"हे नाव दोन्हीकडे कसं?"

खोलीत गप्प झालं. लाभार्थी बोगस दाखवले की असंच सापडतं, हे त्यांच्या डोक्यात आलं असणार, आणि त्यात त्यांचं चूक नव्हतं.

सर म्हणाले, "दोन्हीकडे तेच आहेत, साहेब."

"म्हणजे तुमचा माणूस प्याला."

"आमचा माणूस आजारी पडला."

साहेबांनी फाइल मिटली. बऱ्याच वेळाने विचारलं, "आता कुठे आहेत?" दादांचा मुक्काम संपून तेव्हा दोन महिने झाले होते, पण फॉलोअपला आलेले ते मागच्या ओट्यावर मावशींना पावट्याच्या शेंगा सोलून देत होते. साहेब मागच्या दाराशी गेले, ओट्याकडे पाहिलं, काही न बोलता परत आले. शेऱ्यात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. जाताना मात्र त्यांनी हळूच सरांना विचारलं की इथे रविवारी कोणाला भेटता येतं का. कोणासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

तिथून फाइल शिफारशीसह वर गेली. जानेवारी, फेब्रुवारी मी रोज सकाळी पोर्टल उघडायचे, जशी आई लाइटबिलाचा मीटर बघते तशी. दोन त्रुटी निघाल्या. एकीत भाडेकराराचं शेवटचं पान उलटं स्कॅन झालं होतं. दुसरीत एका समुपदेशकाच्या प्रमाणपत्रावरचं आडनाव आणि आधारवरचं आडनाव वेगळं, कारण मधे लग्न. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंजुरी आदेश आला. सरांनी प्रिंट देवापुढे ठेवली. मावशींनी शिरा केला, साखर काकांकडची, उधार.

९ मार्चला पीएफएमएसवर पाहिलं तर पैसे निघाले होते आणि परत गेले होते. बँकेने नाकारले.

चूक माझी. आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि १ मार्चपासून जुना आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, बंद होणार, हे बँकेचे एसएमएस डिसेंबरपासून येत होते. नवं चेकबुक घरपोच आलं होतं. त्याचं पाकीट माझ्याच कपाटात, न फोडलेलं, तपासणीच्या फायलींखाली. बदल पीएफएमएसवर करायचा राहून गेला. सरांना सांगायला गेले तर ते एका पेशंटच्या बायकोशी बोलत होते. मी दाराबाहेर पंधरा मिनिटं उभी राहिले. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये परत घेतील का, हा विचार त्या पंधरा मिनिटांतला.

सर म्हणाले, "३१ च्या आत होईल?" रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता तो मार्च बघा. ११ ला महाशिवरात्र. १२ ला बँक उघडी, त्या दिवशी मी नवा रद्द केलेला चेक, मॅनेजरची सही-शिक्का असलेलं पत्र घेतलं आणि बदल टाकला. १३ दुसरा शनिवार, १४ रविवार, १५ आणि १६ बँकांचा संप. १७ ला बदल बँकेकडून मान्य व्हायचा होता, तो झाला १९ ला. मग दिल्लीला फोन, ईमेल, परत फोन. तिकडचा मुलगा भला होता. "मॅडम, बिल फिर से बनेगा," एवढंच सांगायचा, पण फोन उचलायचा. २७ चौथा शनिवार, २८ होळी आणि रविवार, २९ धुळवड. वर्ष संपलं की त्या वर्षाची तरतूद संपते, पैसा परत जातो. मग नव्याने सगळं. उरलेले दिवस दोन.

धुळवडीला केंद्रात नेहमी जास्त माणसं ठेवतात. बाहेर सगळीकडे बाटल्या फुटत असतात आणि आत पेशंटना ते ऐकू येतं. त्या वर्षी कोविडमुळे गर्दी नव्हती, तरी आवाज होताच. दादा दिवसभर थांबले होते. दुपारी ऑफिसच्या दारात आले, या वेळी आत येऊन बसले. मी त्यांना विचारलं, त्या मार्चला नेमकं काय झालं होतं. ते म्हणाले, "काही नाही. यूसी झाली, व्याज भरलं, पगार तीन महिने नव्हता, घरी जाताना दुकान लागलं. रोजच लागायचं." मग टाचण्यांची डबी उघडून वाकड्या टाचण्या वेगळ्या काढत बसले.

३० मार्च, दुपारी चार वाजून काही मिनिटं. फोन वाजला नाही, फक्त थरथरला. खात्यावर रक्कम जमा. मी तो एसएमएस तीनदा वाचला, शून्यं बोटाने मोजली, मग सरांना सांगितलं. सर म्हणाले, "आधी सगळ्यांचे पगार." आमच्या सिस्टरना चार महिन्यांचं एकदम मिळालं. त्यांनी रजा मागितली नाही, फक्त त्या दिवशी वेळेवर घरी गेल्या.

काकांचे पैसे रोख देता येत नाहीत. अनुदानातला खर्च पीएफएमएसमधूनच करायचा, त्यासाठी काकांची विक्रेता म्हणून नोंद लागते. मी त्यांच्याकडून पासबुकाची झेरॉक्स घेतली, नाव, खातं भरलं, सरांची डिजिटल सही लावली. काकांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "म्हणजे माझं नाव दिल्लीत गेलं?"

"गेलं."

"बघा. आणि इथे नगरपरिषदेला तीन वर्षं झाली, दुकानाच्या पाटीचा अर्ज पडलाय."

दोन दिवसांनी पैसे जमा झाल्यावर काकांनी लाल वही काढली, आमच्या पानांवर एकेक करत तिरपी रेघ मारली. अकरा पानं होती. शेवटच्या पानावर रेघ मारून झाल्यावर पान उलटलं, वर तारीख टाकली आणि मावशींच्या हातातली यादी घेतली. "तूरडाळ आठ किलो," ते मोठ्याने म्हणाले, "लिहिली बरं का."